पुतळाबाईची हजेरी

मी वनखात्याच्या कचेरीच्या दारात चप्पल काढत होतो आणि आमच्या टायपिस्ट महानंदाबाई टाइप करता करता पुटपुटत वाचत होत्या, एवढंच घडलं. त्यांना ती सवयच होती. ओठ हलल्याशिवाय त्यांची बोटं हलत नसत. "सदर बेचाळीस दिवसांत सुरुंगाचे व खडी मशीनचे आवाज चालू असूनही पाचही पक्षी दररोज हजर आढळले. सबब आवाजाचा पक्ष्यांवर कोणताही अनिष्ट परिणाम होत नाही. खाण पूर्वेकडे वाढविण्यास हरकत नसावी." मशीनची घंटी वाजली, त्यांनी गाडा मागे सरकवला, आणि मी एक चप्पल पायात नि एक हातात असा उभा राहिलो. छातीत काहीतरी जोरानं उडू लागलं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणाला तो आनंदच होता. मी लिहिलेल्या अक्षरांतून सरकारी कागदावर एक अख्खं वाक्य उगवलं होतं. दुसऱ्या क्षणाला मला आठवलं की त्या अक्षरांपैकी बारा अक्षरं मी न पाहता लिहिली होती. बाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्याच हजेरीपटावरून काढलंय की हे साहेबांनी. नाव झालं बघा तुमचं." मी विचारलं, सही झाली का. साहेब दौऱ्यावर होते. उद्या दहाला येणार, सही करणार आणि साडेदहाच्या जीपमधून कागद औरंगाबादला जाणार. म्हणजे माझ्या हातात जेमतेम एक दिवस होता. मी अहवालासाठी दिलेला, आज परत न्यायला आलो होतो तो कोपऱ्यातला हजेरीपट काखेत मारला, काढलेली चप्पल पुन्हा घातली आणि स्टँडकडे जवळजवळ पळतच सुटलो. मागून त्यांनी हाक मारली तरी वळलो नाही.

कळंबच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. पट मांडीवर होता, उघडायचा धीर नव्हता. उघडायची गरजही नव्हती, मला तो पाठ होता. माळढोक मोजायला कचेरीनं मला रोजंदारीवर घेतलं तेव्हा त्यांच्याकडे कसला नमुनाच नव्हता. पूर्वी मी दुष्काळी कामावर हजेरी कारकून होतो, माझ्या ट्रंकेत रोजगार हमीचे कोरे हजेरीपट पडून होते, मी त्यातलाच एक घेतला. वर छापलेलं 'मजुराचे नाव'. पक्ष्यांना नावं कुठली? साहेब म्हणाले, एक ते पाच आकडे टाक. पण माझ्या हाताला नावाशिवाय रकाना भरता येईना. म्हणून मानेचा पांढराशुभ्र, गळ्याखाली पिशवी फुगवून हूम हूम घुमणारा मोठा नर आबाराव झाला आणि चार माद्यांना मी बहात्तर सालच्या टोळीतल्या बायकांची नावं दिली. एक गिरिजाबाई, एक सुमनबाई, एक अयोध्या. जिच्या डाव्या पंखात एक पीस कमी होतं, उडाली की तिथून आभाळ दिसायचं, ती पुतळाबाई. आवाज मोजायलाही यंत्र नव्हतं. त्यावर मी स्वतःच तोड काढली होती आणि तिचा मला फार गर्व होता. माझ्या बाभळीखाली एका सपाट दगडावर पितळी पेला काठोकाठ भरून ठेवायचा. सुरुंग उडाला की पाण्यावर किती वलयं उठतात ती मोजायची आणि पाणी सांडलं तर तसं लिहायचं. खडी मशीन चालू असलं की पाणी नुसतं शहारत राही. त्याला मी 'सतत' असं लिहीत असे.

बाभूळ खाणीपासून अर्ध्या मैलावर होती. मी सकाळी सात ते दहा तिथं बसायचो, दुर्बिणीतून पाच डोकी मोजायचो, पाच वेळा 'ह' लिहायचो. दुपारी एकच्या आणि संध्याकाळी सहाच्या बाराला, म्हणजे सुरुंग उडायच्या वेळी, पेल्याशी हजर राहायचो. उरलेल्या वेळात एसटीच्या फाट्यावरच्या हॉटेलात चहा. कधीही उठून माळ पालथा घातला नाही. हजेरी कारकून झाडाखाली बसतो, माणसं त्याच्याकडे येतात. मी पक्ष्यांकडूनही तेच धरून चाललो होतो. बारा दिवसांपूर्वी सकाळी चारच डोकी भरली. पुतळाबाई नव्हती. मी दहापर्यंत वाट पाहिली, साडेदहापर्यंत पाहिली आणि हातानं आपला 'ह' लिहिला. हो, हातानंच. मी तेव्हा दुसरीकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी जरा थांबून लिहिला, तिसऱ्या दिवशी न थांबता. त्याला दया म्हणावी तर तेवढी शुद्ध दया ती नव्हती. साहेब एकदा सहज बोलून गेले होते की पक्षी पाचाच्या खाली गेले तर ही पाहणीच बंद करतील वरचे लोक. पाहणी बंद म्हणजे मी पुन्हा घरी. पण नोकरीपेक्षा जुनं असं काहीतरी त्या हातात होतं. दुष्काळी कामावर तीन दिवस न आलेल्या बाईचं नाव पटावरून उडायचं आणि ते उडू द्यायचं नाही, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकलो होतो.

गाडी येडशीचा घाट उतरताना मला ते वर्ष दिसू लागलं. दिसू लागलं म्हणजे आधी ऐकू आलं. तीनशे हातोड्या एकाच वेळी दगडावर पडतात तो आवाज कानात बसला की झोपेतही जात नाही. आमच्या वस्तीतला मी पहिला मॅट्रिक, म्हणून पट माझ्या हातात. माझी आई, सरुबाई, त्याच कामावर खडी फोडायची; सगळ्यांसमोर मी तिचं नाव पुकारायचो आणि ती डोक्यावरचा पदर नीट करून "हाय" म्हणायची. तिच्या शेजारी पुतळाबाई बसायची. दिवस भरलेले, तरी हातोडी थांबत नव्हती. एका सकाळी ती आली नाही. आईनं खालमानेनं सांगितलं की रात्री सुटका झाली, मुलगा हाय. मी चार दिवस तिची हजेरी लावली. तिसऱ्या दिवशी तपासणीला अधिकारी आला, माझ्या हातून पट घेऊन स्वतः नावं वाचू लागला. पुतळाबाईचं नाव आलं, आणि खडीच्या ढिगामागून बारीक आवाजात कोणीतरी "हाय" म्हणालं. ती आई होती. पुढं तिचं स्वतःचं नाव आलं तेव्हा तिनं आपल्या मूळच्या जाड आवाजात पुन्हा "हाय" म्हटलं. अधिकाऱ्याची जीप गेल्यावर बायका डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसलो. खोट्या हजेरीनं कोणाचं काही बिघडत नाही, उलट एक चूल पेटती राहते, हे माझ्या मनात तेव्हा पक्कं झालं.

आता गंमत अशी की ही गोष्ट मी कितीतरी लोकांना रंगवून सांगितली आहे. आईनं मात्र एकदाही सांगितली नाही. गेल्या आषाढी पौर्णिमेला ती विहारातून आली, मी जेवायला बसलो होतो. तिनं विचारलं, माळावर दिवसभर करतोस तरी काय. मी हौसेनं पक्ष्यांची नावं सांगितली. पुतळाबाईचं नाव ऐकल्यावर तिचा हात भाकरीवर थांबला. "तिचं नाव कशाला ठेवलंस?" एवढंच म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, म्हातारपणी माणसं उगाच हळवी होतात. पण आज, गाडी फाट्यावर थांबता थांबता, महानंदाबाईंचं ते 'सबब' कानात वाजलं आणि दहा वर्षं वेगवेगळ्या खिशांत पडून असलेल्या दोन गोष्टी माझ्या हातात एकदम आल्या. त्या कामावर रोज संध्याकाळी गैरहजर बायकांची यादी दवाखान्याच्या तंबूत जायची. ती यादी मीच काढायचो. जिचं नाव यादीत असेल तिच्या झोपडीवर दुसऱ्या दिवशी नर्स जायची. पुतळाबाईचं नाव चार दिवस त्या यादीत नव्हतं, कारण कागदावर ती खडी फोडत होती. पाचव्या दिवशी तिचं मूल गेलं. तापानं गेलं, असं सगळे म्हणाले. दुष्काळात मुलं जातच होती. आईला हे तेव्हाच कळलं असणार. तिनं दोन आवाजांत ओ दिली होती आणि दहा वर्षं त्यातला एक आवाज गिळून बसली होती.

कंडक्टरनं "उतरा की" म्हटलं तेव्हा मी उतरलो. हॉटेलामागं ठेवलेली सायकल काढली. अंगात असं काही भरलं होतं की पॅडल मारायला रस्ता पुरेना. दुःख झालं म्हणावं तर दुःखाला असा वेग नसतो. बहात्तरचं आता काही करता येणार नव्हतं, पण ही पुतळाबाई कुठंतरी होती किंवा नव्हती, आणि दोन्हीपैकी काय खरं ते मी आजच्या उजेडात बघू शकत होतो. जमीन कोरडीठक्क होती. आषाढ सबंध नुसत्या वाऱ्यावर गेला होता. कुसळी गवत गुडघ्याएवढं वाढून तिथंच वाळलं होतं आणि पायजम्यात टोचत होतं. बाभळीखाली सायकल टाकली, सवयीनं पेला भरला. बारा वाजून चाळीस मिनिटं. आबाराव लांबवर उभा होता, तीन माद्या चरत होत्या. चार. मी चौफेर दुर्बीण फिरवली, पश्चिमेचा ओढा पाहिला, उत्तरेचं टेपाड पाहिलं. खाणीकडे बघितलंच नाही. कान फुटतील अशा जागी कोण जाऊन बसणार? खडी मशीन बंद झालं, पेल्यातलं पाणी स्थिरावलं, आणि खाणीतून पुकारा ऐकू येऊ लागला. बार उडवणारा ईरण्णा मजुरांची नावं घेत होता, एकेक माणूस ओ देत होता. रोज ऐकून त्या पुकाऱ्याकडे माझं लक्षच जात नसे. मग लाल निशाण वर गेलं आणि बार उडाला. जमीन पायाखाली सरकली, पाणी पेल्याबाहेर सांडलं आणि खाणीच्या पूर्वेला, धुरळ्याच्या अगदी कडेला, खाणीपासून दोनशे पावलांवरच्या गवतातून एक मोठा तपकिरी पक्षी जड पंखांनी उठला. दुर्बीण लावली, डाव्या पंखात एक पीस नव्हतं. तिथून मला आभाळ दिसलं.

मी ओरडलो असणार, कारण घसा नंतर दुखत होता. तेरा दिवस ती तिथंच होती. मी तिकडे धावलो. धावू नये हे कळत होतं, तरी धावलो. कुसळं, दगड, एकदा पडलो, उठलो. गवतातल्या वाफ्याएवढ्या मोकळ्या जागेत, उघड्या मातीवर, एकच अंडं होतं. माळाच्याच रंगाचं, वर काळपट डाग, माझ्या मुठीपेक्षा मोठं. आसपास शेणाचा पो नाही, कुत्र्याचं पाऊल नाही, चरलेलं एक पातं नाही. सुरुंगाच्या भीतीनं गुराखी इकडे फिरकत नव्हते. त्या आवाजानंच तिच्यासाठी ही जागा राखली होती. हे लक्षात आलं तेव्हा मला हसू फुटलं आणि रडूही. साहेबांच्या कागदावर हे कुठल्या रकान्यात बसणार होतं? मग डोक्यावर कावळा ओरडला. ऊन मातीवर तापत होतं आणि पुतळाबाई लांब टेपाडावर मान ताणून उभी होती. ती येत नव्हती, कारण आता मी तिथं उभा होतो. बार केव्हाच शांत झाला होता. आता आवाज मीच होतो. कावळ्याला दोन ढेकळं मारली आणि वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर सरपटत तीनशे पावलं मागं गेलो. घड्याळ समोर धरून पडून राहिलो. एक वाजून एकवीस. तेवीस. कावळा दोनदा खाली आला, दोनदा उडाला. एकतीसला ती निघाली. चार पावलं चालून थांबायची, पुन्हा चार. एक वाजून अडतीस मिनिटांनी ती पिसं फुगवून अंड्यावर बसली आणि दुर्बिणीतूनसुद्धा दिसेनाशी झाली. सदतीस मिनिटं अंडं उघडं होतं. त्यातली सतरा तरी माझ्यामुळे गेली असतील, पण वीस बाराची. दिवसातून दोनदा. आणि कागद उद्या गेला तर खाण हीच जागा खाणार होती.

मी तिथंच, पोटावर पडल्या पडल्या, पट उघडला. बारा 'ह' लाल पेन्सिलीनं गोल केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'न पाहता लिहिले.' खाली सही केली. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा माझं अक्षर मला बरं वाटलं. मग आजच्या रकान्यात मिनिटं लिहिली, माझ्यामुळे गेलेली वेगळी दाखवली, अंडं लिहिलं, कावळा लिहिला, गुरं फिरकत नाहीत हेही लिहिलं. सकाळी नऊलाच महानंदाबाईंच्या टेबलावर हे ठेवायचं. साहेब मला काढणार यात शंका नव्हती, आणि काढलं तर त्यांचं काही चुकणार नव्हतं. पण साहेबांनी वाक्य बदललं तरी ते औरंगाबादला जाऊन खाणीपर्यंत परत यायला महिना लागणार. सत्तावीस दिवस उबवते, असं साहेबांच्याच एका पत्रकात होतं. तेरा झाले, चौदा उरले. आणि आजचा सहाचा बार उरला होता.

साडेपाचला मी खाणीवर पोचलो. खाण मजूर सहकारी संस्थेची होती, चौतीस सभासद, बहुतेक उमरग्याकडचे. बार उडवायचं काम ईरण्णाचं. पन्नाशीचा, भिवयांत कायमची दगडाची भुकटी. त्याच्या पुकाऱ्याचं कारण मला तिथल्या एकानं कधीतरी सांगितलं होतं. सीमेपलीकडच्या एका खाणीवर त्याचा सख्खा भाऊ आत राहिला होता आणि त्याच्या नावाला भलत्याच कोणीतरी ओ दिली होती. तेव्हापासून ईरण्णा वात पेटवण्याआधी सगळी नावं तोंडपाठ पुकारतो. ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. कोणी दुसऱ्याची दिली तर त्या दिवशीचा बार रद्द. संस्थेच्या चेअरमनचंही त्यापुढं चालत नसे. मशीन बंद झालं. माणसं आडोशाला गेली. ईरण्णा सुरुंगाच्या भोकांपाशी उभा राहून पुकारू लागला. हणमंतप्पा. व्हय. शिवप्पा. व्हय. विरुपाक्ष. व्हय. मी बोटांवर नावं मोजत होतो. चौतिसावी ओ आली, त्यानं काड्यापेटी काढली, आणि मी पुढं होऊन म्हणालो, एक नाव राहिलंय.

तो माझ्याकडे वळला. "कोन?"

"पुतळाबाई."

"आमच्यात बाई न्हाय."

मी पट त्याच्यापुढं धरला. त्याला वाचता येत नव्हतं, पण रकाने ओळखता येत होते. मी बोट ठेवून सगळं सांगितलं: दोनशे पावलं, अंडं, वीस मिनिटं, बारा खोट्या हजेऱ्या. बहात्तरचंही सांगितलं, का ते मला माहीत नाही. आईनं दिलेली ओ सांगितली, आणि पाचवा दिवस सांगितला. आडोशाला एकदोघं हसली, मग थांबली. ईरण्णानं विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, चौदा. त्यानं पूर्वेच्या गवताकडे पाहिलं. म्हणाला की फोडायला सुटा दगड पडलाय, तो आठ दिवस जाईल, नेटानं दहा. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. "यप्पा, चेअरमनला काय सांगू?" तो स्वतःशीच पुटपुटला. मी म्हणालो, हजेरी पुरी झाली न्हाय म्हणा. पट मागितला तर कचेरीतून आणून माझा दाखवतो.

तेवढ्यात मागून शिवप्पा म्हणाला, "ओ काय, मी देतो की तिची. उशीर होतोय." तो चेष्टेनं बोलला नव्हता. दिवस कलत होता, लोकांना घरी जायचं होतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मीच म्हटलं होतं, बारा वेळा.

"दुसऱ्याची चालत न्हाय," ईरण्णा म्हणाला.

मग त्यानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि चौतीस नावं ज्या आवाजात घेतली होती त्याच आवाजात माळाकडे तोंड करून पुकारलं, "पुतळाबाई." आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. कोणी ओ दिली नाही. त्यानं आणखी एकदा पुकारलं, थोडं थांबला, आणि काड्यापेटी खिशात टाकली.